आधी फोटो, मग परडी

परभणी जिल्ह्यात झाडाझुडपांचे फोटो काढणारे लोक किती, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: ज्याच्या नावावर सातबारा आहे तो जवळजवळ प्रत्येक जण. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याने लिहायचा पीकपेरा शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर नोंदवायचा असे ठरले. त्यासाठी गटात जाऊन, पिकात उभे राहून फोटो काढावा लागतो. रेंज मिळाली की तो चढवायचा. अतिवृष्टीने नुकसान झाले, तरी फोटो. कपाशीची पाने लाल पडली, सोयाबीनवर अळी दिसली, की पानाचा फोटो कृषी सेवा केंद्रात दाखवायचा आणि फवारणीचे औषध घेऊन यायचे. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत घरोघरच्या मोबाइलमध्ये सोयाबीन, कपाशी, तूर, हळद यांचे असे कितीतरी फोटो पडून असतात. काम झाले की त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, आणि मेमरी भरली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

या पुस्तकाचा विषय आहे त्याच मोबाइलने, त्याच हातांनी, पण कसलेही काम नसताना काढलेले फोटो. ओसरीपुढची तुळस, नळाजवळचा अळू, गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला मोगरा, कुंपणावर चढलेला गोकर्ण, स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीतल्या पाण्यावर वाढणारा मनीप्लांट. हे फोटो कुठे चढवायचे नसतात आणि त्यांनी काही सिद्ध करायचे नसते. तंत्राची माहिती पुढच्या पानांत येईलच. त्याआधी या छंदात आहे काय, तो घरातच का करावा आणि परभणीसारख्या गावात तो कसा रंगतो, एवढे सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

फुलांचे फोटो म्हटले की मराठी माणसाला कास आठवते. पश्चिम घाटाबरोबर ते पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले आणि सप्टेंबर आला की तिकडे गाड्यांची रांग लागू लागली. श्रीकांत इंगळहळीकर या पेशाने अभियंता असलेल्या माणसाने वर्षानुवर्षे डोंगर पालथे घालून ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारखे पुस्तक केले; ते पाहून अनेकांनी कॅमेरे घेतले. या सगळ्याबद्दल आदरच आहे. पण त्यातून एक समजूत उगाच घट्ट झाली, की फुलाचा चांगला फोटो हवा तर डोंगर हवा, धुके हवे आणि लाखभराची लेन्स हवी. परभणीला यातले पहिले दोन्ही नाहीत. तिसरे ज्याचे त्याने ठरवावे.

कासला गेलात तर फूल एकदा भेटते. घरचे झाड रोज भेटते. फोटो शिकणाऱ्याच्या दृष्टीने या रोजच्या भेटीइतके मोल दुसऱ्या कशालाच नाही, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या आठवड्यात सगळे जण एकच फोटो काढतात: फूल मधोमध, वरून, भर उजेडात. तो फोटो वाईट नसतो, फक्त तो आधी कोट्यवधी लोकांनी काढलेला असतो. मग कंटाळा येतो, आणि खरा छंद तिथून सुरू होतो. कंटाळलेला माणूस वाकतो, पाटावर बसतो, कुंडीच्या मागे जातो. मग त्याला दिसते की जास्वंदीच्या फुलामागे हिरव्या दलांचा एक पेला आहे आणि त्याच्याही खाली बारीक हिरव्या पात्यांचे दुसरे कडे आहे. वर्षानुवर्षे रोज ती फुले देवाला वाहणाऱ्या घरातसुद्धा हे कोणी पाहिलेले नसते.

घराबाहेर पडता येत नाही म्हणून घरातल्या झाडांकडे वळलेली एक मोठी छायाचित्रकार होऊन गेली. अमेरिकेतल्या इमोजेन कनिंगहॅम हिचा पाय संसारात तीन लहान मुलांपुढे घराबाहेर पडणे अवघड झाले. मुले अंगणात खेळत तेव्हा ती त्याच अंगणातल्या झाडांवर कॅमेरा लावी. १९२५ साली तिने काढलेले मॅग्नोलियाचे फूल आज छायाचित्रकलेच्या इतिहासात गणले जाते. त्यात आभाळ नाही, बाग नाही, चौकट भरून फक्त फुलाचा गाभा आहे. तिचा समकालीन एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. भाजी बाजारातली, नरसाळे घरातले. आणि बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट हा कलाशिक्षक विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, देठ कित्येक पटींनी मोठे करून टिपत राहिला. त्याचे पुस्तक आले १९२८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. निवृत्तीनंतर काय करायचे, अशी काळजी करणाऱ्यांनी हे वय लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच्याही मागे गेलो तर कॅमेराच लागत नाही. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये उन्हाने निळा होणारा कागद तयार केला. घरांचे जुने निळे नकाशे याच पद्धतीने निघत. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईने त्या कागदावर समुद्री शेवाळ मांडून, वर काच ठेवून, उन्हात ठसे घ्यायला सुरुवात केली. १८४३ पासून तिने काढलेले ते पुस्तक छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक मानतात. म्हणजे फोटो असलेले पहिले पुस्तकच वनस्पतींचे आहे, आणि ते घरी बसून केलेले आहे. तिला इंग्लंडच्या फिकट उन्हावर भागवावे लागले. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पिंपळाचे जाळीदार पान असा कागद मिनिटांत उमटवील. उन्हाळ्याचा एवढा सरळ उपयोग दुसरा मला माहीत नाही. कुरडया-पापड सोडून.

ऊन हाच परभणीतल्या फोटोचा खरा विषय आहे. आपला जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत दुपारी कुंडीची सावली कुंडीखालीच दडते. अशा उन्हात फुलाला खोली राहत नाही. पाकळीवर पांढरे डाग आणि पाकळीखाली काळोख, मधले काहीच नाही. मे महिन्यात सकाळी आठ-साडेआठनंतर बाहेर फोटो काढण्यात अर्थ नाही आणि संध्याकाळी सहाच्या आत तर नाहीच. याउलट डिसेंबरात दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिणेला कलून आकाशात निम्म्या उंचीवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत पार आतपर्यंत येते आणि दिवसभर तिरपे राहते. थंडीच्या दिवसांत शेवंती, गुलाब, ॲस्टर यांचे फोटो आपोआप चांगले येतात ते फुलांइतकेच या तिरप्या उन्हामुळे. उत्तरेच्या खिडकीला बहुतेक वर्ष थेट ऊन नसते. फक्त मे ते जुलै सूर्य बराच उत्तरेकडून उगवतो-मावळतो तेव्हा सकाळ-संध्याकाळी थोडा कवडसा येतो. एरवी तिथे दिवसभर शांत, एकसारखा उजेड असतो. घरात फोटोसाठी एकच जागा निवडायची झाली तर ती ही खिडकी निवडावी.

जुन्या परभणीत, मानवत-पाथरी-सेलूच्या जुन्या गल्ल्यांत अजून काही माळवदाची घरे उभी आहेत. त्यांच्या छताला उजेडासाठी साणे ठेवलेले असते. त्यातून दुपारी जमिनीवर उजेडाचा एक तुकडा पडतो आणि बाकीची खोली अंधारी राहते. मोठ्या शहरातले छायाचित्रकार असा उजेड मिळावा म्हणून दिव्यांना खोकी लावतात. फूल त्या तुकड्यात ठेवू नये, त्याच्या कडेला ठेवावे: एका बाजूने उजळलेले आणि दुसऱ्या बाजूने अंधारात विरत गेलेले. ज्यांची घरे स्लॅबची आहेत त्यांनी खिडकीला जुने पांढरे धोतर ताणून बांधावे. ऊन त्यातून गाळून येते. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावलीतली पाकळी उजळते. स्टीलचे ताट लावून पाहण्याचा मोह होतो, पण ताटाची चमक टोचते, पुठ्ठाच बरा. मागे काळी घोंगडी टाकली तर पांढऱ्या तगरीचेही तेज खुलते.

आता वेळेकडे येऊ, कारण या छंदात घड्याळ कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचे आहे. घरातल्या फुलांना आपापल्या वेळा असतात आणि भाजीच्या वेलांना तर फारच नेमक्या. घोसाळ्याचे पिवळे फूल सकाळी उमलते. दोडक्याचे, त्याच्याच जातीतले आणि बरेचसे तसेच दिसणारे, संध्याकाळी उमलते. दुधीची पांढरी फुले दिवस कलल्यावर उघडतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे पतंग रात्री फिरतात. गुलबक्षी चारच्या सुमारास, चिनी गुलाब ऊन चढल्यावर, पारिजात रात्री उमलून पहाटे जमिनीवर. एकाच कुंपणावर दोडका आणि घोसाळे असतील तर दोन फोटोंत सकाळ आणि संध्याकाळ आपोआप येते, वर वेगळे लिहावे लागत नाही.

सकाळच्या फुलांची एक घरगुती अडचण आहे. उजेड सर्वांत चांगला असतो साडेसहा-सातला, आणि देवपूजेची परडी भरते तीही साडेसहा-सातला. जास्वंद, तगर, कण्हेर, बिट्टी यांच्यावर देवाचा हक्क पहिला. कॅमेरा घेऊन बाहेर यावे तर झाडावर फक्त देठ. यावर भांडून उपयोग नाही, तह करावा लागतो: आधी फोटो, मग परडी. बहुतेक आज्या या तहाला तयार होतात. अट एवढीच की फुलाला नाक लावून वास घ्यायचा नाही आणि फोटोच्या नादात फूल खाली पाडायचे नाही. आणि भरलेली परडी हासुद्धा एक विषय आहे. लाल जास्वंद, पिवळी बिट्टी, दुर्वांची जुडी, बेलाचे पान, सगळे बांबूच्या विणीवर. त्या दिवशी त्या अंगणात काय काय उमलले होते याची ती पूर्ण नोंद असते. वर्षभर रोजच्या परडीचा फोटो एकाच जागेवरून काढला तर त्या घराचे फुलांचे कॅलेंडरच तयार होईल. भाद्रपदात गणपतीच्या दिवशी त्यात पत्री येईल: आघाडा, माका, शमी, धोत्रा, डोरली. एरवी तण म्हणून उपटून टाकलेल्या वनस्पती त्या एका दिवसासाठी मानाच्या होतात. जवळून पाहिल्या तर तेवढ्या मानाच्या दिसतातही. महालक्ष्म्यांना लागणाऱ्या आघाड्याचे फुलांचे तुरे एकदा मोठे करून पाहाच.

ब्रह्मकमळाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मराठी घरातला फुलांचा फोटो पुरा होत नाही. पावसाळ्यात एखाद्या रात्री नऊला फूल उघडू लागते, शेजारीपाजारी जमतात, कोणी हळदकुंकू वाहते आणि मग मोबाइलचे फ्लॅश लखलखू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या ग्रुपवर तेच फूल: पांढरे फटक, चपटे, मागे काळी भिंत. हे फूल मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, जातीने निवडुंग. त्याची पाने वाटतात ती खरे म्हणजे चपटी खोडे आहेत आणि कळी त्या खोडाच्या कडेवरच्या खाचेतून फुटते. हिमालयातले ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे, ते निराळेच, सूर्यफुलाच्या कुळातले. पण आपले फूल परके म्हणून कमी देखणे ठरत नाही. त्याचा फोटो हवा तर फ्लॅश बंद करावा, मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून स्थिर ठेवावा आणि दुसऱ्याच्या मोबाइलची बॅटरी फुलाच्या मागून, मध्ये बटर पेपर धरून लावावी. पाकळ्यांतून उजेड झिरपतो आणि आतले पुंकेसर एकेक मोजता येतात. उघडलेल्या फुलापेक्षाही दुसऱ्या दिवशी मान टाकून लोंबणारे मिटलेले फूल मला फोटोला अधिक चांगले वाटते. त्याचा फोटो कोणीच काढत नाही.

परभणीच्या छंदिष्टाला मात्र सर्वांत आधी हाती घ्यावे असे कूळ आहे जास्वंदीचे. कारण हा जिल्हाच त्या कुळावर जगतो. कपाशी त्याच कुळातली, भेंडी त्याच कुळातली, आंबाडीही. १९७२ साली इथे सुरू झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव लावणाऱ्या कृषी विद्यापीठाने देशभर नाव झालेली भेंडी दिली ती ‘परभणी क्रांती’: ‘पुसा सावनी’ आणि भेंडीचा एक रानटी भाऊबंद यांच्या संकरातून, पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी काढलेली. इथल्या देशी कपाशीच्या एका वाणाचे नाव ‘परभणी तुराब’ आहे. ते वाचून परभणीकराला गावातला तशाच नावाचा दर्गा आठवला नाही तर नवल. या सगळ्या गोष्टी विज्ञानाच्या पुस्तकात आहेत, पण त्यांचे नाते डोळ्यांनी पाहायचे तर चार कुंड्या पुरतात. एकीत जास्वंद, दुसरीत भेंडी, तिसरीत आंबाडी, चौथीत सरकी टाकून उगवलेली कपाशी.

आता चारही फुलांचे फोटो एकाच अंतरावरून, बाजूने काढा. जास्वंदीची ती बाहेर आलेली दांडी, जिच्यावर परागकणांचे पिवळे ठिपके आणि टोकाला पाच लाल गोळे असतात, ती सगळ्यांना ठाऊक आहे. भेंडीच्या फिकट पिवळ्या फुलात तशीच दांडी आहे, फक्त आखूड, आणि तिचे टोक जांभळट. फुलाच्या तळाशी गडद किरमिजी रंग साचलेला. आंबाडीचे फूलही तसेच पिवळे, तळाशी तसाच डोळा. कपाशीच्या फुलात पुन्हा तीच दांडी, परागांनी माखलेली. पाकळ्या चारही ठिकाणी पाच, आणि कळीत असताना एकमेकींवर वळसा घेतलेल्या. आयुष्यभर शेतात राहिलेल्या माणसालाही हे चार फोटो शेजारी ठेवले की जास्वंद आणि कपाशी सख्खी भावंडे वाटू लागतात.

त्यातही कपाशीचे फूल दोन दिवस पाहावे असे आहे. अमेरिकन कपाशीचे फूल उमलते ते मलईच्या रंगाचे. दुपार कलता कलता त्यावर गुलाबी झाक चढते आणि दुसऱ्या दिवशी ते पूर्ण गुलाबी होऊन मिटते. एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी फूल शेजारी दिसते ते यामुळे. वाण दोन नाहीत, दिवस दोन आहेत. पाते, फूल, बोंड, फुटलेले बोंड, ही शेतकऱ्याच्या तोंडची चार टप्प्यांची भाषा एका कुंडीत, एका जागेवरून टिपायला फुलापासून सुमारे पावणेदोन महिने लागतात. भेंडीला एवढाही धीर लागत नाही. तिचे फूल सकाळी उमलते, दुपारपर्यंत मलूल होते आणि आठवडाभरात तिथे तोडणीची भेंडी आलेली असते. लहान मुलांना छंद लावायचा असेल तर सुरुवात भेंडीपासून करावी.

यंत्राबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुढे पाने भरून मजकूर आहे. बाजारातला साधा मोबाइल पुरतो. पडद्यावर फुलाला बोट लावून धरले की नजर तिथे पक्की होते. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करावा. लाल जास्वंद आणि पिवळा झेंडू यांच्यासाठी ही एक गोष्ट शिकलात तरी अर्धे काम झाले, कारण मोबाइल या रंगांना इतके भडक करतो की पाकळीच्या शिरा पुसून जातात. गर्द पानांतल्या मोगऱ्याचेही तेच: भोवतीचा अंधार पाहून मोबाइल उजेड वाढवतो आणि कळ्यांचे चुन्याचे ठिपके होतात. फार जवळ गेले तर चित्र धूसर होते. अशा वेळी हातभर मागे सरावे, नाहीतर घरातले भिंग लेन्सपुढे धरावे. वारा असेल तर फांदीला काठी लावून कपड्यांच्या चिमट्याने धरून ठेवावी. रंग खुलवणारे आपोआपचे फिल्टर बंद ठेवावेत. आणि फवाऱ्याने पाणी मारून खोटे दवबिंदू तयार करू नयेत, निदान मे महिन्यात तरी. परभणीच्या मेमध्ये दव पडलेला फोटो पाहून शेजारच्या शेंबड्या पोरालाही हसू येईल.

फुलेच कशाला हवीत? वर्षातले कितीतरी दिवस अंगणात फूल नसते आणि पाने असतात. अळूच्या पानावर पाणी टिकत नाही, गोळ्या होऊन घरंगळते. हा प्रकार टिपायला एक पान आणि चमचाभर पाणी पुरते. तुळशीची मंजिरी भिंगाखाली धरली तर इवल्या फिकट जांभळ्या फुलांचे मजले दिसतात, प्रत्येक फुलाला वरचा आणि खालचा ओठ. चैत्रात कडुनिंबाचा फुलोरा गुढीसाठी येतो, गूळ, ओवा, चिंच घालून वाटला जातो आणि संपतो. वाटण्याआधी त्यातला एक घोस पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहावा: पाच पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांची एक छोटी पांढरी नळी. तोंड कडू करणारे हे फूल इतके नाजूक आहे, हे वर्षानुवर्षे ते खाणाऱ्यांनाही माहीत नसते.

जवळून पाहू लागलो की न आवडणारेही दिसते. बोअरचे जड पाणी पानांवर शिंपडले तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि फोटोत ते फुलाआधी नजरेत भरतात. पाणी मुळाशी घालावे आणि फोटोआधी पान ओल्या फडक्याने पुसावे. जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. त्याच्या आसपास मुंग्यांची ये-जा असते, कारण तो सोडत असलेल्या गोड चिकट्यावर त्या जगतात. अनेक घरांत कीड पहिल्यांदा लक्षात येते ती फोटो मोठा करून पाहताना. असे फोटो पुसून टाकू नयेत. झाडाचे दुखणे कधी सुरू झाले ते त्यातूनच कळते, आणि एखादा ढेकूण खाणारा ढालकिडा त्यात सापडला तर तो फुलाइतकाच देखणा निघतो.

पाण्याचाही विचार या छंदात करावा लागतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे फोटोसाठी म्हणून बाग फुलवणे शोभत नाही. डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर ज्या चार कुंड्या जगतात तेवढ्याच ठेवाव्यात. सदाफुली, कण्हेर, कोरफड, बोगनवेल ही मंडळी कमी पाण्यावर तगतात आणि त्यांत वर्षभराचे फोटो आहेत. वाळलेली झाडेही टाकू नयेत. मेमध्ये सुकून तडकलेली काळी माती, वाटाण्याचा वाळलेला वेल, झेंडूचे बियांनी भरलेले करडे बोंड, हे सगळे परभणीचेच आहे आणि फोटोत हिरव्यागार कुंडीपेक्षा खरे दिसते.

शेवटी एक विनंती, आणि पुढची सगळी पाने विसरलात तरी ही विसरू नका. फोटो काढला त्याच दिवशी त्याला झाडाचे नाव द्या. घरात जे नाव आहे ते आधी लिहा, आजीला विचारून. मोबाइलने ओळखून सांगितलेले नाव नंतर, आणि ते तपासून, कारण ओळखायला तो अनेकदा चुकतो. त्या नावाच्या भरवशावर अनोळखी पान किंवा फळ खाऊन पाहण्याच्या भानगडीत तर पडूच नका. तारीख आणि वेळ मोबाइल फोटोत स्वतःच लिहून ठेवतो, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते आणि चित्रही बारीक होते. ज्याला खरोखर द्यायचा त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर वेगळे काढून ठेवा. त्यातले वर्षाचे निवडक बारा तरी गावातल्या स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. एका प्रिंटचा खर्च एका चहाच्या आसपास असतो.